माथेरानचा शेकरू आणि त्याची वाट

नेरळहून माथेरानला जाणारा प्रवासी बहुधा 'पॉइंट' पाहण्यासाठींच जातो. कड्यावर उभें राहून तो सूर्यास्त पाहतो, खालचें मैदान न्याहाळतो आणि परततो. येतां-जातां ज्या रानाच्या सावलींतून तो चालला, त्याकडे मात्र त्याची नजर क्वचितच वळते.

समुद्रसपाटीपासून सुमारें २,६०० फूट उंचीवरचें हें रान जांभूळ, हिरडा आणि अंजनी या झाडांचें आहे. अंजनीचें लाकूड अतिशय कठीण. एरवीं हें झाड कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं; परंतु बहर आला म्हणजे त्याच्या जुन्या फांद्यांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके दाटतात.

याच झाडांवर शेकरू राहतो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून मान मिळालेला हा जीव खारीच्याच कुळांतला. पण अंगानें कितीतरी मोठा. पाठ तांबूस-तपकिरी, पोट पिवळसर आणि शेपटी लांब व झुपकेदार. फळें, बिया, फुलें आणि झाडांच्या साली यांवर त्याची गुजराण चालते. काटक्या व पानें गुंफून तो उंच, बारीक फांद्यांवर गोल घरटें बांधतो. अवजड शत्रूला तेथवर पोंचतां येत नाहीं. एवढ्यानेंहि त्याचें समाधान होत नाहीं. एकच शेकरू अशीं अनेक घरटीं बांधून ठेवतो.

जमिनीवर तो क्वचितच उतरतो. फांदीला भिडलेली फांदी हाच त्याचा रस्ता. वीस फुटांपर्यंतचें अंतर तो एका झेपेंत ओलांडतो. त्याहून मोठें खिंडार पडलें, कीं त्याची वाट तुटली. माणसाला एक झाड गेल्याचें जाणवतहि नाहीं; शेकरूला मात्र तो पूल कोसळल्यासारखाच होय.

झाड केवळ कुऱ्हाडीनेंच पडतें असें नाहीं. माथेरानची माती तांबडी. माणसांच्या व घोड्यांच्या पायांखालीं ती सैल होते आणि मुसळधार पावसांत वाहून जाते. वाटेकांठच्या झाडांचीं मुळें मग उघडीं पडतात, आणि आधार सुटलेलें झाड वादळांत उन्मळतें. २००३ सालीं केंद्र सरकारनें माथेरान व भोंवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. कायदा कुऱ्हाडीला आवर घालील. परंतु मळलेली वाट सोडून रानांत शिरणाऱ्या पावलांना आवर ज्याचा त्यानेंच घालावयाचा असतो.

सूर्यास्त पाहावयास निघालेल्या पाहुण्यानें वाटेंत क्षणभर थांबून वर पाहावें. पानांच्या दाटींतून एखादी झुपकेदार शेपटी सरकतांना दिसली, तर त्या ठिकाणीं रानाची वाट अद्याप अखंड आहे असें खुशाल समजावें.