प्रशासनाच्या पदवीची कसोटी

लोकप्रशासन हा पदवीचा विषय आपल्याकडे नवा नव्हे. नागपूर विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग १९४९ सालीच निघाला. परंतु या पदवीचा दर्जा कोणी व कशावरून ठरवावा?

१९९४ साली स्थापन झालेली ‘नॅक’ ही संस्था विद्यापीठे व महाविद्यालये तपासते. पण ती मान्यता सबंध संस्थेची, एका विषयाची नव्हे. अमेरिकेत लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ‘नॅस्पा’ ही निराळी संस्था आहे. नाना तऱ्हेच्या नागरिकांशी नीट संवाद साधता येणे, हीही तिने एक आवश्यक पात्रता मानली आहे.

तिचे मोल जोयडा तालुक्यातील कुणबी वस्त्यांत कळते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये, अनुसूचित जमातीत न मोडणाऱ्या अर्जदारास तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. रानात राहणाऱ्याने एवढे जुने कागद आणावेत कोठून? नियमांनी ती अडचण जाणली आहे. वृद्धांची लिहून घेतलेली जबानी, जुन्या विहिरी, देवस्थाने, शेताचे बांध हेही पुरावे ठरतात. मात्र म्हातारा बोलतो कोकणीत, दप्तर चालते कन्नडमध्ये. आणि तो सन सांगत नाही, ‘आजोबांच्या लग्नाच्या साली’ असे सांगतो. ते साल हुडकून काढणे हे अधिकाऱ्याचे काम. तेथे वेबरसाहेबांचा नोकरशाहीचा सिद्धान्त पाठ असून भागत नाही!

तेव्हा अभ्यासक्रम तपासावयास येणाऱ्या समितीने उत्तरपत्रिका अवश्य पाहाव्यात. परंतु विद्यार्थ्याने एखाद्या ग्रामसभेत बसून उतरून घेतलेली एक जबानीही मागवावी, आणि ती सांगणाऱ्यास त्याच्याच भाषेत वाचून दाखविली होती काय, एवढे विचारावे.