बोली केव्हा उघडावी?



ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय आणि राजकारण बोलावयाचे, तेथे इस्पिकचा एक्का घेऊन उभे राहणे हे थोडे धाडसच आहे. पत्ते म्हटले की आपल्याकडे दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात : उन्हाळ्याच्या दुपारी माजघरात मांडलेला पाच-तीन-दोनचा डाव, नाही तर पोलिसांची धाड. या दुसऱ्या चित्राचा आपल्या भागाशी जुना संबंध आहे. आपले औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचा जुगाराचा कायदा हैदराबादकडे पुढेही चालू राहिला, आणि त्याच कायद्याखाली सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीवर खटला झाला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रमी हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे; तिच्यातला नशिबाचा भाग ब्रिजची पाने वाटताना असतो त्याच जातीचा आहे. म्हणजे ब्रिजमध्ये कौशल्य आहे हे न्यायमूर्तींनी गृहीतच धरले. पाने वाटून झाली की नशिबाचे काम संपते. मग कौशल्याचे पहिले काम कोणते? आमच्या मते, बोली उघडायची की ‘पास’ म्हणून गप्प बसायचे, हे ठरवणे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. चौघे खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. कोणता रंग हुकूम करून किती हात करू, याची आधी बोली लागते. ‘एक बदाम’ म्हणजे बदाम हुकूम करून सहावर एक, असे सात हात. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक असा रंगांचा चढता क्रम आहे, आणि बिनहुकुमाची बोली त्यांच्याही वर. आजच्या स्वरूपातील काँट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धती हॅरोल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली एका जहाजप्रवासात बसवली. आता स्पर्धांतून बोली तोंडाने बोलतही नाहीत. पेटीतले छापील पत्ते काढून ठेवतात, कारण आवाजाच्या चढउतारावरून भिडू नको ते ओळखतो!

पाच-तीन-दोनमध्ये पहिली पाच पाने पाहून हुकूम सांगावा लागतो. ब्रिजमध्ये स्वतःची तेराही पाने दिसतात. पण उरलेली एकोणचाळीस झाकलेली असतात, आणि त्यांतली तेरा आपल्या भिडूची असतात. खरी अडचण तेथे आहे.

यासाठी हिशेब काढले गेले. एली कल्बर्टसन हमखास मिळणारे हात मोजावयास सांगत असे. पुढे एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन आणि गुलामाला एक, हे गुण रूढ झाले. मिल्टन वर्कने ते प्रसिद्धीस आणले आणि चार्ल्स गोरेनने १९५० च्या सुमारास घरोघर पोचवले. साऱ्या जोडात चाळीस गुण, म्हणजे सरासरी प्रत्येकी दहा. तेरा असतील तर उघडा, अकरा असतील तर गप्प बसा, असे नवशिक्याला सांगतात. ते चूक नाही. पण अपुरे आहे.

दोन हात पाहू. पहिल्यात इस्पिकचे एक्का, राजा, दश्शी आणि दोन हलकी पाने. बदामाचा एक्का, दश्शी, नश्शी आणि एक हलके. चौकट व किलवर दोन-दोन, तीही हलकीच. गुण अकरा. दुसऱ्यात इस्पिकची राणी-गुलाम व एक पान, बदामाचे तसेच. चौकटचे राजा-गुलाम व दोन पाने. किलवरची राणी व दोन पाने. गुण बारा. आम्ही अकरावाला हात निःशंक उघडू आणि बारावाल्यावर पास म्हणू. एक्का कोणाची वाट पाहत नाही; राणी आणि गुलाम मात्र वरची पाने गेल्यावाचून उपयोगी पडत नाहीत. शिवाय लांब रंग असला की शेवटची दुर्रीसुद्धा हात मिळवते. मार्टी बर्गेन या अमेरिकन खेळाडूने याचा सोपा ठोकताळा दिला आहे : गुणांत आपल्या दोन सर्वांत लांब रंगांची पाने मिळवा, बेरीज वीस झाली तर उघडा. पहिल्या हाताची वीस होते, दुसऱ्याची एकोणीस.

आता महत्त्वाचे. उघडलेली बोली ही भिडूला लिहून दिलेली हुंडी आहे. आपण एक इस्पिक म्हटले की भिडू आपल्याकडे बारा-तेरा गुण धरून चालतो. त्याच्याकडे तेरा असले तर सव्वीस झाले, आणि तो चार इस्पिकपर्यंत जाणारच. आपण हौसेने नवावर उघडले असेल, तर बुडतो तो त्याच्या विश्वासाने. प्रतिपक्षाने डबल दिलेला डाव व्हल्नरेबल असताना दोन हातांनी पडला की पाचशे गुण गेले. आणि याहून वाईट असे की, पुढल्या डावात भिडू आपल्या खऱ्या बोलीवरही एक पायरी खालीच थांबतो. उलट, अति सावधपणाचाही दंड आहे. स्पर्धेत तीच पाने प्रत्येक टेबलावर खेळली जातात. आपल्याकडे चौघेही पास झाले आणि शेजारी कोणी चार इस्पिक करून ४२० गुण घेतले, तर आपले शून्य फार महाग पडते.

म्हणून उघडण्याआधी आम्ही दुसऱ्या बोलीचा विचार करतो. भिडूने नवा रंग सांगितला तर आपल्याला पुन्हा बोलावेच लागते. त्या वेळी सांगण्यासारखे काही हाताशी आहे का? वरच्या हातात इस्पिकनंतर बदाम सहज सांगता येतात. पण गुण तेवढेच, आणि त्यांत एकटा राजा व एकटी राणी अडकलेली असली, तर पहिली बोली सोपी आणि दुसरी लाजिरवाणी होते.

बसण्याच्या जागेनेही निर्णय बदलतो. पहिल्या दोन जागांवर वचन पक्के असावे. तिसऱ्या जागेवर भिडू आधीच पास झालेला असतो. तेथे दहा गुण आणि एक भरदार रंग असला तरी उघडावे, कारण डाव प्रतिपक्षाकडे गेला तर भिडूला उतारी कशाची करावी हे कळते. हा हलकेपणा दोघांनी आधी ठरवलेला मात्र पाहिजे.

चौथ्या जागेची गंमत निराळी आहे. तिघेही पास झालेले. आपण गप्प बसलो तर कोणाचेच नुकसान नाही. मग उघडावयाचे तरी कशाला? येथे जाणते खेळाडू गुणांत इस्पिकची पाने मिळवतात आणि पंधरा भरली तरच उघडतात. इस्पिक सर्वांत वरचा रंग. तो ज्यांच्याकडे, ते त्याच पायरीवर दुसऱ्यांना मागे टाकतात. बारा गुण आणि इस्पिकचे एकुलते एक पान असेल, तर आपण दार उघडावे आणि आत प्रतिपक्षाने शिरावे असे होते. अशा वेळी निमूटपणे पास म्हणावे, पाने परत ठेवावीत आणि पुढचा डाव घ्यावा.