ॲप मुलांचं, पाठपुरावा आपला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संगणकाच्या नोकरीत इतकी वर्षं काढली म्हणून संयोजकांनी मला 'विद्यार्थी आणि मोबाइल ॲप' हा विषय दिला. भरीत आणि कळण्याची भाकरी वाट बघतेय हे मलाही ठाऊक आहे. थोडक्यात बोलतो.

2015 च्या सुमारास मुंबईच्या धारावीतल्या शाळकरी मुलींनी मोबाइल ॲप तयार केली. नवनीत रंजन यांनी तिथे 'धारावी डायरी' हा उपक्रम सुरू केला होता, त्यात या मुली शिकत होत्या. एक ॲप बायकांच्या सुरक्षेसाठी होतं: संकटात बटण दाबलं की मोठा आवाज होतो आणि ओळखीच्या माणसांना संदेश जातो. दुसरं पाण्याच्या रांगेसाठी होतं: नंबर फोनवर लावायचा आणि पाळी आली की निरोप येणार. त्यांनी एमआयटी संस्थेचं 'ॲप इन्व्हेंटर' वापरलं. त्यात संगणकाची अवघड भाषा लिहावी लागत नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत बसवत जायचे. आपल्या शाळेतली आठवीची पोरं ते सहज शिकतील.

या मुलींना विषय कुणी सांगावा लागला नाही. हंडा घेऊन त्या स्वतः रांगेत उभ्या राहत होत्या. तिथे किती वेळ जातो आणि भांडण कशावरून होतं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

मग आपल्या शिरपूरच्या मुलांना काय तोंडपाठ आहे? माझं उत्तर आहे, विहीर. 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या तालुक्यात नाले रुंद आणि खोल झाले, त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले गेले. 'शिरपूर पॅटर्न' बघायला बाहेरून माणसं येतात. पण आपल्या शेतातल्या विहिरीला गेल्या मे महिन्यात किती पाणी होतं, हे इथल्या कितीजणांना सांगता येईल? राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून 4 वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. मुलांनी घरच्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन त्याच महिन्यांत आपापल्या विहिरी मोजाव्यात. दोरीला वजन बांधायचं, काठापासून पाण्यापर्यंतचे मीटर मोजायचे, आणि गाव, तारीख, आकडा स्वतः केलेल्या ॲपमध्ये भरायचा. चार-पाच वर्षांत गावागावाची नोंद तयार होईल. नवी बोअर घ्यायची की नाही, उन्हाळी पीक घ्यायचं की नाही, यावर ग्रामसभेत बोलताना हातात आकडे असतील.

कुणी म्हणेल, तक्रारीसाठी सरकारी ॲप आहेतच की भो! खरं आहे. 2016 पासून 'स्वच्छता' ॲप आहे, त्यावर कचऱ्याचा फोटो टाकता येतो. ते मुलांना जरूर शिकवू. पण त्यात काय विचारायचं ते आधीच ठरलेलं असतं. स्वतः ॲप करणाऱ्या मुलाला मात्र कोणती माहिती गोळा करायची, कुणाकडून, आणि ती कुणापुढे ठेवायची, हे ठरवावं लागतं. नागरिकशास्त्राचं पुस्तक तिथे कामाला येतं.

मला काळजी आहे ती पुढची. मुलांनी राबून आकडे गोळा केले, अर्ज दिला आणि कुणी उत्तरच दिलं नाही, तर 'बोलून काही होत नाही' एवढंच ती शिकतील. तेरा-चौदाव्या वर्षी शिकलेलं हे पुढे पुसलं जात नाही. म्हणून शाळेला नुसते संगणक देऊन आपलं काम संपत नाही. आपल्यातले काही पंचायतीत आहेत, काही शेती करतात, काही वकील आहेत. मुलांचा अर्ज घेऊन त्यांच्यासोबत कार्यालयात जाणं, पोच घेणं, महिन्याने पुन्हा विचारणं, हे आपण करू शकतो. आम्ही पुण्या-मुंबईचे लोक रविवारी फोनवरून ठोकळे जोडायला शिकवू.

ज्यांना जमेल त्यांनी जेवणानंतर कार्यालयातल्या वहीत नाव, फोन आणि गाव लिहावं. गाव विसरू नका. राहायला आपण कुठेही असलो तरी विहीर गावातच आहे.