वाटा आहेत, जोड नाहीत

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



मला पाचच मिनिटं दिली आहेत आणि बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे वेळ पाळते.

गेल्या जूनमध्ये माझ्या सातवीतल्या मुलीने विचारलं, "आई, मी शाळेत सायकलने जाऊ?" मी स्वतः पाचवीपासून सायकलने यायचे. आपल्या स्टँडवर एक सायकल पडली की अख्खी रांग कशी आडवी व्हायची, हे मीच तिला रंगवून सांगितलेलं. तरी मी "नाही" म्हणाले. तिची शाळा अडीच किलोमीटरवर, बहुतेक रस्ता आतल्या गल्ल्यांतून, झाडांखालून. भीती फक्त एका चौकाची. त्याच्यापायी बाकीचा सगळा रस्ता बाद!

आम्ही संगणकवाले नेटवर्ककडे बिंदू आणि रेषा म्हणून बघतो. नेमकी एक रेषा तुटली की त्याचे दोन तुकडे होतात, बाकीच्या रेषा कितीही चांगल्या असोत. पुण्यात हेच दिसतं. हनुमान टेकडीवर पहाटे चालणारे आहेत, वेताळ टेकडीवरही आहेत. मध्ये सेनापती बापट रस्ता. सायकल ट्रॅक आहेत, पण ते चालता चालता बसथांब्याशी नाहीतर डीपीच्या खोक्याशी संपतात.

कामानिमित्त मी दोन वर्षं बेल्जियममध्ये होते. तिथल्या लिम्बर्ग प्रांतात १९९५ मध्ये हुगो बोलेन या खाण-अभियंत्याच्या कल्पनेतून सायकलवाटांचं जाळं सुरू झालं. कालव्याकाठचे रस्ते, कोळशाच्या जुन्या रेल्वेमार्गांची जागा, शेतांमधले शांत रस्ते, असं जे होतं ते जोडलं आणि प्रत्येक फाट्याला क्रमांक दिला. फाट्यावरच्या पाटीवर पुढच्या फाट्यांचे क्रमांक आणि बाण. चिठ्ठीवर पाच-सहा आकडे लिहून हँडलला अडकवायचे आणि निघायचं. आता ही पद्धत नेदरलँड्समध्येही सगळीकडे आहे. तिथे चढ नाही, ऊन नाही, रिक्षा नाहीत, हे मान्य. पण आधी नकाशा करून तुटलेले जोड शोधायचे, हे तर आपल्यालाही जमेल.

मग रविवारी सकाळी मुलगी आणि मी आमच्या भागातल्या गल्ल्या फिरून ओपनस्ट्रीटमॅपवर भरू लागलो. चौक टाळणारी वाट सापडली, पण मध्ये एका सोसायटीचं मागचं गेट, कुलूप लावलेलं. कमिटीबरोबर तीन बैठका झाल्या. "चोऱ्या होतील" इथपासून "आमच्या मुलांनाही जाता येईल का?" इथपर्यंत चर्चा आली. आता ते गेट सकाळी आणि शाळा सुटताना तासभर उघडं असतं. वॉचमनकाका स्वतः उघडतात.

मुलगी जानेवारीपासून सायकलने जाते. पहिले आठ दिवस मी स्कूटरवरून लपत तिच्या मागे जात होते. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं म्हणे.

तुमच्यापैकी बरेच जण अजून याच भागात राहता. आपण शाळेत असताना ज्या बोळांतून पळायचो, त्यातले किती उघडे आहेत आणि किती भिंतींनी बंद झाले, ते मला हवंय. जेवणाच्या टेबलाशेजारी मोठा नकाशा ठेवलाय, पेन्सिलीही आहेत. भूगोलाच्या बाईंनी मात्र कृपया आमची खाडाखोड तपासू नये.