मंडळाचा संगणक व आपली कुलनोंद
(धंतोली येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, म्हणून धंतोलीच्या कार्यालयात आम्ही नवा संगणक आणला. त्यावर जुनी कुलनोंद उघडली आणि आमची भंबेरी उडाली. आजोबा-पणजोबांच्या नावांऐवजी पडद्यावर रोमन अक्षरांचा नुसता चिवडा! नोंदी जुन्या पद्धतीच्या फाँटात टंकलेल्या होत्या. तेथे यंत्राच्या लेखी अक्षर रोमनच. रूप तेवढे देवनागरी. फाँट नाही, तर नावही नाही. युनिकोडमध्ये मात्र १९९१ पासून देवनागरी वर्णांस स्वतंत्र क्रमांक आहेत. तो फाँट शोधून बसविला, नोंदी युनिकोडमध्ये आणल्या आणि छापील प्रतीशी ताडून पाहिल्या. रफाराने आम्हांस फार छळले.

आता सेटिंग्जमध्ये भाषेच्या सदरात मराठी जोडली आहे. विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबताच कळफलक पालटतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाती, व्यंजने उजव्या हाती. आमच्यासारख्या वयस्कांची बोटेही त्यावर वळतात.

आजवर सारेच प्रशासकाच्या खात्यातून काम करीत; त्यात आम्हीही आलोच. यापुढे त्याचा परवलीचा शब्द चिटणिसांपाशी राहील. इतरांस साधे खाते. त्यातून टंकन होते, परंतु साऱ्या संगणकाची घडी बदलता येत नाही. कुलनोंदीची एक प्रत दरमहा वेगळ्या डिस्कवर घेतली जाईल व ती डिस्क कार्यालयाबाहेर राहील.

तीन घराण्यांची नावे अद्याप लागलेली नाहीत, कारण छापील प्रतीची ती पाने वाळवीने खाल्ली. ज्यांच्या घरी जुनी स्मरणिका असेल त्यांनी ती कृपा करून आठ दिवसांकरिता कार्यालयात द्यावी.