अब्रूचे तारण

१८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. आजचा रोखा आपल्या मोबाईलमध्ये असतो; तो जाळता येत नाही, आधीच पारखावा लागतो. समजा, अ‍ॅपने ५,००० रुपये मंजूर केले, हाती ३,५०० ठेवले आणि आठवड्याने पुरे ५,००० मागितले. म्हणजे सात दिवसांत शेकडा जवळजवळ ४३ व्याज! रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे एकूण खर्चाचा वार्षिक दर आधी लेखी सांगावाच लागतो. मोबाईलमधील नातलगांचे, स्नेह्यांचे क्रमांक अ‍ॅपला घेता येत नाहीत. जो ते मागतो, त्याला तारण म्हणून आपली अब्रूच हवी असते. अशा दारातून आपण मागे फिरावे आणि पतपेढीची किंवा बचत गटाची पायरी चढावी. तेथे चार प्रश्न विचारतील. पण ते आपल्याच हिताचे असतात.