मनोदेवतेला खुर्ची कोणी दिली?

सभेच्या अध्यक्षाने गोड बोलून खाली बसावे अशी अपेक्षा असते. सोलापूरजवळच्या कुंभारीत आज ती पुरी होणार नाही. जग मुळात काय आहे, माझे कृत्य कितपत माझे, असा प्रश्न कोणी काढला की आपण त्याला थेट देवघरात नेऊन बसवतो आणि वर छाती काढून सांगतो, आमच्याकडे धर्म आणि तत्त्वज्ञान वेगळे नाहीतच. हे साफ खोटे आहे, आणि त्यासाठी नास्तिकाची साक्षही लागत नाही. लोकमान्य टिळक पुरेत.

त्यांचे ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्त कोंतने सांगितले होते की माणूस जगाचा उलगडा आधी देवादिकांवरून करतो, मग अमूर्त तत्त्वांवरून आणि शेवटी निरीक्षणावरून. त्याने मान दिला निरीक्षणाला; टिळकांनी अमूर्त तत्त्वांची, म्हणजे आध्यात्मिक पद्धत सर्वांत वर ठेवली. इथवर टाळ्या पडतात. पण आधिदैविक, म्हणजे देवादिकांवरून उलगडा करणारे, आणि आध्यात्मिक ही दोन खाती त्यांनी एकमेकांत मिसळू दिली नाहीत, हे टाळ्या वाजवणारे सोयीने विसरतात. सहाव्या प्रकरणात ते मनोदेवतेला, म्हणजे बरेवाईट आतून सांगणाऱ्या शक्तीला, स्वतंत्र देवता मानणाऱ्यांचा समाचार घेतात. टिळकांच्या मते बरेवाईट ठरवणे हा बुद्धीचाच, सवयीने झटकन होणारा व्यापार. इथल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी वळणाऱ्या बाईचे हात पाहा. भिजवलेले तेंदूपान कात्रीने कापायचे, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा. तिचे लक्ष मात्र शेजारणीशी चाललेल्या बोलण्यात. म्हणून तिच्या बोटांत निराळी देवी बसली आहे, असे कोणी म्हणत नाही. ‘गीतारहस्या’त अध्यात्माची चर्चा नवव्या प्रकरणात होते, भक्तिमार्ग येतो तेराव्यात. हा क्रम मला त्यांनी तत्त्वज्ञान आणि धर्म वेगळे ठेवल्याचा पुरावा वाटतो.

कोणी म्हणेल, टिळक शेवटी गीतेपाशीच थांबले. थांबले खरे. पण वाटेत मिल, कांट, ग्रीन या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांशी त्यांनी युक्तिवादाने व्यवहार केला. जिथे नुसता ग्रंथाधार पुढे केला असेल तिथे त्यांनाही अडवावे. दुसरा म्हणेल, धर्म आणि तत्त्वज्ञानाची ही फारकत पाश्चात्त्यांची. मग मीमांसक कुमारिलभट्ट कुठले? वेद प्रमाण मानून त्यांनी जगाचा कर्ता नाकारला. उलट कांटने १७८१ साली ईश्वरसिद्धीचे पुरावे मोडीत काढले आणि सातच वर्षांनी नीतीसाठी ईश्वराला पुन्हा बोलावले. आणि आमचे विवेकवादी मित्र, जे दोन्ही खाती एकदमच बंद करू पाहतात, त्यांना विचारतो: निरीक्षणात येते तेवढेच खरे, हे कोणत्या निरीक्षणात आले?

विडी वळणाऱ्या बाईला याचे काय, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. तिची मजुरी हे तिचे प्रारब्ध आहे असे तिला सांगितले जाते. कर्माने बांधलेला माणूस स्वतंत्र असतो का, या प्रश्नाला टिळकांनी दहावे प्रकरण दिले. तिच्यासाठी मात्र त्याचे उत्तर एका कीर्तनात उरकले जाते, आणि तिने उलट काही विचारले तर तिला श्रद्धा नाही म्हणतात.